दहावरून सहावर

तालीम ऐन रंगात आली असताना माझी गिटार मुकी झाली.

पायाशी अकरा पेडलं, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारे, पायाने चालू-बंद करायचे डबे. त्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या दहा छोट्या पॅच केबल, शिवाय गिटारकडून येणारी एक लांब वायर आणि अ‍ॅम्पकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या खोक्याकडे, जाणारी एक. म्हणजे बारा वायरी, चोवीस टोकं, आणि त्यातलं एक कुठेतरी सैल. पॉवरच्या वायरी यात धरलेल्याच नाहीत. मी गुडघ्यांवर बसून एकेक जॅक हलवून बघत होतो, बेसवाल्याने फोन काढला होता आणि ड्रमर स्नेअरच्या कडेवर उगाच काठ्या टिकटिकवत होता. दहाएक मिनिटांनी वैतागलो, गिटारची वायर उपटली आणि थेट अ‍ॅम्पमध्ये खुपसली.

आवाज आला, पण तो माझ्या गिटारचा वाटेना. फार उघडा होता. छेडायचा पिक तारेला लागतो त्या क्षणीची बारीक खरवडसुद्धा ऐकू येत होती. इतके दिवस ती कुठे होती?

वायरीत होती. गिटारच्या तारांखाली असतो तो पिकअप म्हणजे केसासारख्या तारेचे हजारो वेढे. त्यातून निघणारा सिग्नल मुळात नाजूक. वायर जितकी लांब तितकी त्यातली वरची चमक ती गिळते. साध्या वायरीची कपॅसिटन्स (वीज साठवायची क्षमता, हीच ती चमक गिळते) मीटरला 100 पिकोफॅरडच्या आसपास असते. आकडा किरकोळ वाटतो, पण मीटरमागून मीटर त्याची बेरीज होत जाते. मी भाळलो होतो ‘ट्रू बायपास’ या शब्दांवर: पेडल बंद केलं की ते वाटेतून पूर्ण बाजूला होतं, सिग्नल सरळ पुढे जातो. खरं आहे. पण सगळीच पेडलं अशी आणि सगळीच बंद, तर मग नुसती वायरच वायर उरते. यावर सोपा उपाय आहे, सुरुवातीला सिग्नलला बळ देणारा एक बफर टाकायचा. तो मला माहीतही होता. फक्त त्याचा अर्थ होता बारावं पेडल.

घरी आल्यावर पुन्हा थेट अ‍ॅम्पला जोडून बसलो. सहज म्हणून गिटारवरचा व्हॉल्यूम कमी करायला गेलो तर नॉब खर्र करून बोलला. किती वर्षं तो दहावरच होता कोण जाणे. आवाज कमी करायचा तर पाय, वाढवायचा तर पाय. हाताखालच्या त्या नॉबला काही कामच ठेवलं नव्हतं. आत धूळ बसली होती. कॉन्टॅक्ट क्लीनर फवारला, वीस-पंचवीस वेळा मागेपुढे फिरवला, तेव्हा कुठे तो गप्प झाला.

मग आवाज फाडणारं पेडल, म्हणजे ओव्हरड्राइव्ह, एकच परत लावला. नॉब दहावर असताना आवाज भरदार फाटला. सहावर आणला तर फाटकेपणा विरघळला, नुसती कडेची करकर उरली; जोरात छेडलं तर येणारी, हलक्या हाताने छेडलं तर जाणारी. तीनवर जवळजवळ स्वच्छ. यात जादू काही नाही. ओव्हरड्राइव्ह सिग्नलचे शेंडे छाटतो. सिग्नलच बुटका पाठवला तर छाटायला फारसं उरत नाही. थोडी चमक मात्र नॉब उतरवतानाही जाते, ती टोनने सांभाळून घ्यावी लागते. आणि मी? मी कमी, मध्यम आणि जास्त अशी तीन ओव्हरड्राइव्ह ओळीने मांडून ठेवली होती. ती तिन्ही त्या एका खरखरत्या नॉबमध्ये राहत होती.

खरा घात आकाराने केला असं मला वाटतं. 1962 साली माएस्ट्रो कंपनीचा फझ-टोन, आवाज फाडणारा डबा, आला तेव्हा एक डबा पायाशी असणं हीच चैन होती. 1976 चा बॉस कंपनीचा पहिला कोरस (एका गिटारच्या अनेक भासवणारं पेडल), सीई-1, चांगला थोराड होता आणि थेट भिंतीच्या विजेवर चालायचा. तसे अकरा कोण मांडून ठेवणार? पुढच्याच वर्षी त्यांनी छोटी पेडलं काढली, तळहातावर मावतील अशी, 9 व्होल्टवर चालणारी. तेव्हापासून ‘अजून एक बसेल की’ हे वाक्य कायमचं खरं झालं. बोर्डावर जागा दिसली की माणसाला पेडल दिसतं.

उलट टोकाला एसी/डीसी या रॉक बँडचा गिटारवादक माल्कम यंग. त्याने आपल्या ग्रेच गिटारमधले बाकीचे पिकअप चक्क काढून टाकले, एकच ठेवला, आणि मार्शल अ‍ॅम्पमध्ये वायर घातली. संपलं. ती गिटार ऐकताना काही कमी आहे असं मला कधी वाटलं नाही. तरी मी त्याच्याइतका कोरडा होऊ शकणार नाही, हेही कबूल करतो.

तर काढाकाढी सुरू झाली. कोरस गेला, आवाजाला लाटा आणणारा, एकाच गाण्यात लागणारा फेजर गेला, प्रतिध्वनी देणारा दुसरा डिले गेला. लहान-मोठा आवाज एकसारखा करणाऱ्या कॉम्प्रेसरसाठी जीव थोडा तुटला. सगळ्यात गमतीचं नॉइज गेटचं, म्हणजे वाजवणं थांबलं की खरखर अडवणाऱ्या पेडलाचं. एकाच पॉवरवर सगळ्यांना माळेसारखं जोडल्यामुळे डिजिटल पेडलांची बारीक चीं ओव्हरड्राइव्हमध्ये शिरायची आणि तिथे मोठी व्हायची. ती झाकायला मी गेट आणला होता. बाकीचे गेल्यावर तो बिचारा दोन दिवस दार राखत बसला, यायला कोणी नव्हतंच. शेवटी उरले तिघे: ट्यूनर, कारण आवाज बंद करून सूर लावता येतो, ओव्हरड्राइव्ह, आणि डिले, कारण प्रतिध्वनी कुठल्याही नॉबमधून निघत नाही.

बोर्ड मात्र तोच ठेवलाय, मोठा. आठ जागी नुसतं काळं वेल्क्रो, त्यात अडकलेली धूळ आणि एक हरवलेला पिक. ध्रुवपद आलं की माझा पाय अजून सवयीने डावीकडे जातो, जिथे तिसरा ओव्हरड्राइव्ह होता, आणि रिकाम्या वेल्क्रोवर बूट आपटतो. मग लक्षात येतं, हे आता करंगळीचं काम आहे. करंगळी नॉब शोधते, सहावरून दहावर नेते. तोवर ध्रुवपदाचा पहिला ठोका पडून गेलेला असतो. ड्रमर माझ्याकडे बघतो. मी वळून अ‍ॅम्पकडे बघतो, जणू चूक त्याचीच आहे.