साडूभाऊंचा पूल आणि साडेतीन इंच

जमिनीवर पत्र्याची भिंत उभारून केलेल्या स्विमिंग पूलची, तो भरलेला असताना, पाणसळ बघायला लेझरबिझर काही लागत नाही. मोजपट्टी घ्यायची, प्रत्येक खांबापाशी वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं आणि कागदावर टिपत जायचं. पाणी सपाटच राहतं. आकडे वेगवेगळे आले तर वाकडं आहे ते बांधकाम.

न्यू जर्सीत हिल्सबरोला आमच्या साडूंच्या परसात मी अशी मोजणी केली. गॅरेजच्या बाजूला आले साडेसहा इंच आणि शेजाऱ्याच्या कुंपणाकडे तीन. म्हणजे २४ फूट व्यासाच्या गोल पूलमध्ये साडेतीन इंचांचा उतार. साडूभाऊ म्हणाले, "साडेतीनच ना? डोळ्याला तर काही दिसत नाही." डोळ्याला चांगलं दिसत होतं. कुंपणाकडचे दोन खांब बाहेर कलले होते, आणि तिथे भिंतीच्या खालच्या पट्टीखालून लायनरचा, म्हणजे आतल्या प्लास्टिकच्या अस्तराचा, निळा फुगा बाहेर डोकावत होता. त्या फुग्यावर बोट दाबून पाहिलं तर आत नुसतं पाणी. वाळू नाही, माती नाही, काही नाही.

हा पूल साडूभाऊंनी मेअखेरच्या मेमोरियल डेच्या लाँग वीकेंडला ऑफिसातल्या दोन मित्रांना हाताशी धरून उभा केला होता. पत्र्याची गुंडाळलेली भिंत, खालच्या-वरच्या पट्ट्या, खांब, लायनर, पंप, सँड फिल्टर, असा सगळा सेट खोक्यांतून घरी येतो. अमेरिकेत हे सर्रास चालतं. जमिनीत खणून बांधलेल्या पूलच्या मानाने खर्च अगदीच कमी, त्यामुळे गडी हौसेने भिडतात. उत्साहाला नावं ठेवायची नाहीत, पण तिघेही सॉफ्टवेअरवाले. माझे वडील इचलकरंजीला बांधकामाची कंत्राटं घ्यायचे, त्यामुळे सुट्ट्यांत साइटवर उभं राहून मला एवढं तरी कळलं होतं की घर वरून बिघडत नाही.

साडूभाऊंच्या तक्रारींची यादी मात्र सगळी वरचीच होती. पंप हवा ओढतो. तळाला सुरकुत्या आहेत, त्यात शेवाळ धरतं. पाणी परत येतं त्या तोंडाशी गळतं. शिडी डुगडुगते. प्रत्येक तक्रारीवर त्यांनी एकेक नळी सिलिकॉन संपवलं होतं. पंपाच्या जोडांवर टेफ्लॉन टेपचे इतके वेढे होते की आतला आटा दिसेना.

पंप हवा का ओढत होता? स्किमर, म्हणजे भिंतीतलं ज्या तोंडातून पंप वरचं पाणी ओढतो ते, गॅरेजच्या, म्हणजे उंच बाजूला बसवला होता. पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या साधारण मध्यावर हवी. इथे ती जेमतेम खालच्या ओठाला लागत होती. वर चढवायची म्हटलं तर कुंपणाकडे पाणी काठाला भिडणार. म्हणजे पंप बिचारा ठणठणीत होता आणि त्याचं ऑपरेशन मात्र तीनदा झालं होतं.

गळकं तोंड तेवढं खरोखर स्वतंत्र दुखणं होतं, आणि किरकोळ. दोन्ही गॅस्केटं, म्हणजे गळती रोखणाऱ्या चकत्या, पत्र्याच्या बाहेरच्या अंगाला बसवलेली. त्यातलं एक आत हवं, लायनर आणि फिटिंगची कॉलर यांच्या मध्ये. पाणी त्या तोंडाच्या खाली उतरवलं की अर्ध्या तासाचं काम. पूलमध्ये एवढाच दोष असता तर मी चहा पिऊन परत फिरलो असतो.

मेहुणी म्हणाली, "भावजी, स्पष्ट सांगा. ठेवायचा की काढायचा?"

मी हिशोब मांडला. २४ फुटांच्या पूलमध्ये ४ फूट पाणी म्हणजे साधारण १३,५०० गॅलन, ५१ हजार लिटर, ५१ टन वजन. भिंतीचा पत्रा जिथे एकमेकाला बोल्टांनी जोडलेला असतो, त्या उभ्या जोडावर हे पाणी सुमारे २.७ टनांनी ताण देतं. पत्रा पातळ असूनही हे सगळं तोलून धरतो, कारण वर्तुळात ताण चहूकडे सारखा वाटला जातो. पूल कलला की खोल बाजूला दाब वाढतो, खांब कलतात, खालची पट्टी सरकते, आणि सरकलेली पट्टी आपणहून परत जागेवर येत नाही. इंचभर फरक असेल तर मी म्हणतो पोहा आणि मजा करा. दोनाच्या वर गेला की मला झोप लागणार नाही. साडेतीन इंच, शिवाय बाहेर आलेला फुगा, आणि पलीकडे शेजाऱ्यांची मुलं खेळतात. काढायचा.

पाणी भरलेलं असताना एका बाजूने जॅक लावून पूल उचलता येईल का, असं साडूभाऊंनी विचारलं. ५१ टन म्हटल्यावर गप्प बसले.

सबमर्सिबल पंप लावून पाणी उपसलं. लायनर काढल्यावर तळाचं खरं रूप दिसलं. हिल्सबरोच्या पट्ट्यात वरच्या मातीखाली तांबडी शेल लागते. थरांचा ठिसूळ दगड, पण फावड्याला दाद देत नाही. जागेला मुळातच उतार होता. उंच बाजूला शेल लागल्यावर या मंडळींनी खणणं सोडलं आणि सखल बाजूला बाजारातली पोत्यातली माती आणि वाळू ओतून पातळी जुळवली. त्या दिवशी पाणसळ बरोबर दाखवली असणारच. मग पाणी भरलं, पाऊस झाला, भराव दबला, वाळू धुपून कुंपणाखाली गेली. खांबांखाली फरशीचे ठोकळे होते, पण गवतावर नुसते ठेवलेले. कुंपणाकडचे दोन तर आंघोळीच्या पाटासारखे एका कोपऱ्यावर डुलत होते.

या कामात नियम एकच आहे आणि तो कुठलाही गवंडी सांगेल: उंचवटा खणून खाली आणायचा, खड्डा भरून वर आणायचा नाही. घाम जास्त गाळावा लागतो म्हणून लोक उलटं करतात.

पुन्हा खणण्याआधी ८११ ला फोन केला. अमेरिकेत हा नंबर खणणाऱ्यांसाठीच आहे. पैसे पडत नाहीत. माणसं येऊन गॅसच्या लाइनवर पिवळ्या, विजेच्या लाइनवर लाल, पाण्याच्या लाइनवर निळ्या खुणा मारून जातात. पहिल्या वेळी हा फोन झालाच नव्हता. पिवळी रेघ पूलच्या कडेपासून हाकेच्या अंतरावर निघाली तेव्हा मेहुणीने नवऱ्याकडे जे बघितलं ते मी इथे लिहीत नाही.

मग मधोमध खुंटी ठोकली, दोरीने वर्तुळ आखलं, पूलपेक्षा फूटभर मोठं. पातळीसाठी साडूभाऊंनी लेझर भाड्याने आणायचं काढलं होतं. मी हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक नळी आणली, पाण्याने भरली, आतला बुडबुडा न् बुडबुडा काढला. एक टोक मधल्या खुंटीच्या खुणेला, दुसरं घेऊन साडूभाऊ वर्तुळभर फिरले. आपल्याकडे बहुमजली इमारतींची पातळी याच नळीवर निघते. बुडबुडा राहिला तर मात्र नळी फसवते, म्हणून दर वेळी दोन्ही टोकं शेजारी धरून आधी खात्री करायची. साडूभाऊंना हा प्रकार एवढा आवडला की नंतर त्यांनी घरातल्या फ्रेमांची पातळीही तपासली.

शेल पहारीने आणि टिकावाने फोडली. वर्णन करण्यासारखं त्यात काही नाही, पाठ दुखते. सखल बाजूचा सगळा भुसभुशीत भराव उपसून टाकला, घट्ट जमीन लागेपर्यंत. गवत मुळांसकट काढताना त्यात लव्हाळा सापडला, पिवळा, गाठीगाठींचा. याला सोडलं असतं तर त्याचे टोकदार कोंब लायनर भोकसून वर आले असते. वाळूने किंवा प्लास्टिकने तो दबत नाही, गाठी वेचूनच काढाव्या लागतात. तेवढं काम मी मुलांना दिलं, गाठीमागे एक सेंट भावाने. भाव नंतर वाढवून घेतला गेला.

ठोकळे जमिनीत बसवले, वरचा पृष्ठभाग जमिनीशी बरोबर सपाट, खाली दाबलेली स्टोन डस्ट, म्हणजे दगडाची भुकटी, आणि प्रत्येक ठोकळा नळीवर तपासून. मला विचाराल तर अख्ख्या पूलमध्ये लक्ष घालून करायचं काम हेच. वर्तुळाच्या आतली जमीन पाव इंचाने इकडेतिकडे झाली तरी वाळू सांभाळून घेते, पण खालची पट्टी ठोकळ्यांवर बसते आणि पट्टीवर भिंत.

भिंत उभी करायला वारा नसलेली सकाळ निवडली. सुटा पत्रा वाऱ्यात धरून ठेवणं माणसांच्या हातचं काम नाही, एकदा मुडपला की घडी जात नाही. जोडाच्या पट्टीत पूर्वी काही बोल्ट गाळलेले होते, "एवढे कशाला" म्हणून. २.७ टनांचा हिशोब मी परत ऐकवला. सगळी भोकं भरली, बोल्टांची गोल डोकी आतून, आणि त्यावर टेप, म्हणजे लायनरला टोचणार नाही.

आता त्या निळ्या फुग्याचं मूळ. गच्चीवर मजला आणि कठडा यांच्या कोपऱ्यात गवंडी गोलाई देऊन जो वाटा मारतात, तोच इथे वाळूचा मारायचा असतो. भिंतीच्या आतल्या बाजूने सगळीकडे, ६ ते ८ इंच उंच, चांगला ठोकून. तो नसला की लायनर कोपऱ्यात ताणला जातो आणि पाण्याच्या दाबाने पट्टीखालच्या फटीतून बाहेर पडायला बघतो. साडूभाऊंच्या माहितीपत्रकात याचं चित्र होतं. "मला वाटलं ती वाळू उरली तर टाकायची." तळाला दोन इंच बारीक चाळलेली वाळू, ओली करून दाबलेली, आणि कडेला हा वाटा. थापीचे हात मी स्वतः मारले, ते दुसऱ्याकडे देववलं नाही.

लायनर नवा घेतला. ताणलेला जुना लायनर एकदा काढला की आकसतो, परत नीट बसत नाही. त्यात काटकसर करू नये. उन्हाच्या दिवशी बसवला म्हणजे मऊ राहतो. मागच्या वेळी ढगाळ थंडीत ओढाताण करून बसवलेला होता, सुरकुत्यांचं अर्धं कारण ते. उरलेल्या अर्ध्यावर उपाय म्हणजे स्किमरच्या भोकातून व्हॅक्यूम क्लीनरची नळी भिंत आणि लायनर यांच्यामध्ये सोडायची, बाकीच्या फटी टेपने बंद करायच्या आणि मशीन चालू करायचं. मधली हवा निघाली की लायनर भिंतीला आणि तळाला चपकन चिकटतो. मुलं ओरडलीच. मशीन चालू ठेवून पाणी सोडलं, इंचभर साचल्यावर अनवाणी आत उतरून मधून कडेकडे पायांनी उरलेल्या सुरकुत्या सारल्या. शिडीच्या जागी एक राहिली आहे. राहू दे.

विजेचं काम मात्र आम्ही दोघांनी केलं नाही. आधी गॅरेजमधून एक्स्टेंशन कॉर्ड गवतावरून पंपापर्यंत आणलेली होती. लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलावला, राहिलेलं परमिट काढलं. अमेरिकेच्या वीज नियमावलीत पूलसाठी ६८० क्रमांकाचं वेगळं प्रकरणच आहे. पंपाला जीएफसीआय हवा. साधारण ५ मिलिअँपिअर करंट भलतीकडे गळला तरी तो पुरवठा तोडतो. दुसरं, बाँडिंग. पूलभोवती भिंतीपासून १८ ते २४ इंचांवर जमिनीत ८ नंबरची भरीव उघडी तांब्याची तार फिरवायची, आणि पत्रा, पंप, पाणी सगळं तिला जोडायचं. अर्थिंग वेगळं, हे वेगळं. ओला माणूस एक पाय जमिनीवर आणि हात पत्र्याला लावून उभा असला तर दोन्हीकडे व्होल्टेज सारखंच असावं, म्हणजे अंगातून करंट जायला कारण उरत नाही. पूल उभा राहिल्यावर तार पुरणं म्हणजे कडेने परत चर खणणं, म्हणून आम्ही इलेक्ट्रिशियनला माती उघडी असतानाच आणलं. इन्स्पेक्टरने चर बुजवण्याआधी तार बघितली, कुंपण आणि काढता येणारी शिडी बघितली आणि सही केली.

बागेच्या नळीने भरायला एक दिवस-रात्र लागली, वर थोडी. परत सगळ्या खांबांपाशी मोजलं. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांतला फरक अर्ध्या इंचाच्या आत. पंप हवा ओढत नाही, त्याला नवीन एकही पार्ट घातलेला नाही.

आता साडूभाऊंना पूलला टेकवून लाकडी डेक बांधायचा आहे. टेकवून नाही, एवढं मी फोनवरच सांगितलं आहे: डेकचे खांब स्वतंत्र, पाया स्वतंत्र, पूलच्या पट्टीवर एक खिळासुद्धा नाही. शिवाय डेक आला की काढता येणाऱ्या शिडीचा मुद्दा बाद होतो, पायऱ्यांना आपोआप बंद होऊन कडी लागणारं फाटक लागतं. परमिट आधी काढणार असतील तर नळी घेऊन येतो म्हटलंय.