तुम्ही विचारलंत म्हणून: दुकानात गाणी का नाहीत?

इंग्लंडमधल्या लेस्टरला माझं कपडे दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. चेन बदलायची, पँटची उंची कमी करायची, साडीला फॉल लावायचा, घट्ट झालेलं ब्लाउज उसवून सैल करायचं, अशी कामं. कपाटावर जुना रेडिओ आहे आणि सकाळी कुलूप काढल्यापासून तो बीबीसीच्या रेडिओ ४ वर असतो. ‘दिवसभर ही बडबड कशाला? गाणी लावा की!’ असं गिऱ्हाइकं म्हणतात. गेल्या दिवाळीत साताऱ्याहून वहिनी आल्या, त्यांनीही हेच विचारलं. तेव्हा मला नीट सांगता आलं नाही.

शिवणकामात हात आणि डोळे अडकलेले असतात, कान रिकामे. साताऱ्याच्या घरात रेडिओ एकच होता. पुणे केंद्रावर ‘माझं घर माझं शिवार’ लागलं की आण्णा ओट्यावर येऊन बसायचे. पण हळदीवरच्या करप्याला काय फवारायचं, हे भाकऱ्या थापता थापता आईलाही पाठ व्हायचं. आणि दुपारी बायकांचा कार्यक्रम लागला की आण्णाही तो ऐकायचे. एकाच्या कामाचं दुसऱ्याच्या कानावर आपोआप पडायचं. इथे येऊन इतकी वर्षं झाली, तरी असं ऐकणं मला फक्त या एका स्टेशनवर सापडलं.

होम सर्व्हिस नावाचं जुनं केंद्र होतं. त्याच्या जागी ३० सप्टेंबर १९६७ ला रेडिओ ४ सुरू झालं. जाहिराती नाहीत, गाणी जवळजवळ नाहीत, नुसतं बोलणं. पहाटे शेतीच्या बातम्या. मग ‘टुडे’, त्यात मंत्र्यांना अवघड प्रश्न. दहाला ‘वुमन्स अवर’, तो तर १९४६ पासूनचा. संसदेतली चर्चा, नाटकं, विनोद, रात्री झोपताना पुस्तकाचं वाचन, सगळं एकाच दिवसात. तासाला सहा टिकटिकी वाजतात, त्यातली शेवटची लांब. ती ऐकू यावी म्हणून मी मशिनवरचा पाय काढते.

गुरुवारी सकाळी नऊला ‘इन अवर टाइम’. तीन अभ्यासक आणि एक विषय: कधी सम्राट अशोक, कधी शून्य, कधी झाडं उन्हापासून अन्न कसं करतात. मेल्विन ब्रॅग यांनी तो १९९८ पासून २०२५ पर्यंत चालवला. अभ्यासक घोळ घालायला लागले की ते त्यांना सरळ मुद्द्यावर आणायचे. मी बारावीनंतर शिकले नाही. पण त्या तासात मला कळणार नाही असं कुणी धरून चालत नाही, याचं मला फार अप्रूप आहे.

मंगळवारचा ‘इन टच’ अंध श्रोत्यांसाठी आहे, १९६१ पासून. माझ्या घरात कुणी अंध नाही, मुद्दाम शोधून मी तो कधीच लावला नसता. पण कानावर पडत गेला, म्हणून एका अंध गिऱ्हाइकाला मी एकदा विचारलं, की शर्टाचा रंग कसा ओळखता? तेव्हापासून त्यांच्या कॉलरमागे आतून दोऱ्याच्या गाठी मारून देते. निळ्याला एक, पांढऱ्याला दोन.

आणि ‘द आर्चर्स’. १ जानेवारी १९५१ पासून चाललेली ही श्रुतिका ॲम्ब्रिज नावाच्या काल्पनिक खेड्यातली. युद्धानंतर अन्नाची टंचाई होती, रेशनिंग चालू होतं. शेतकऱ्यांना नव्या पद्धती गोष्टीतून कळाव्यात म्हणून शेतीखात्याच्या मदतीने ती सुरू झाली. आण्णांना ती फार आवडली असती. शनिवार सोडून रोज तेरा मिनिटं, संध्याकाळी सातला, आणि बहुतेक भाग दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला पुन्हा.

त्यातली हेलन आणि तिचा नवरा रॉब यांची गोष्ट दोन-तीन वर्षं चालली. सुरुवातीला भांडण नाही, आरडाओरडा नाही. तू दमतेस, गाडी चालवू नकोस. तू विसरतेस, मी बघतो. सगळं काळजीच्या सुरात. ऐकणाऱ्याला कळत होतं, हेलनला कळत नव्हतं. जोडीदाराला असं धाकात ठेवणं हा गुन्हा ठरवणारा कायदा इथे २०१५ च्या डिसेंबरात लागू झाला. पुढच्या एप्रिलमध्ये हेलनने रॉबवर सुरी चालवली. सप्टेंबरात ज्युरीने तिला निर्दोष सोडलं. त्या दिवसांत श्रोत्यांनी पीडित बायकांसाठी एक लाख पौंडांहून जास्त निधी जमवला.

एप्रिलमधल्या त्या सोमवारी दुपारी दुकानात एक बाई स्कर्ट न्यायला आल्या होत्या. पिशवी हातात, पैसे दिलेले. ‘दोन मिनिटं थांबू का?’ म्हणाल्या. मी स्टूल पुढे केलं. पूर्ण तेरा मिनिटं त्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसल्या. मी मशिन चालू केलं नाही. जाताना त्यांनी मला कार्यक्रमाची वेळ विचारली आणि पावतीच्या मागे लिहून घेतली.

माझी भाची म्हणते, मावशी, आता हवं ते फोनवर हवं तेव्हा ऐकता येतं. खरं आहे. पण ‘आपल्या घरासारखी गोष्ट’ असं शोधून त्या बाईंना काय सापडलं असतं?

लग्नसराईत काम घरी आणावं लागतं. मग रात्री बारा अठ्ठेचाळीसपर्यंत जागी असते, तेव्हा जहाजांसाठी हवामान सांगतात. ब्रिटनभोवतीच्या समुद्राचे ३१ भाग, ठरलेल्या क्रमाने: व्हायकिंग, फॉर्टीज, डॉगर, जर्मन बाइट. फिनिस्टेअरचं नाव २००२ मध्ये बदलून फिट्झरॉय केलं. हवामान खात्याची सुरुवात ज्यांनी केली, त्यांचं ते आडनाव. वारा किती, पाऊस आहे का, किती लांबचं दिसेल, एवढंच सांगतात, सावकाश, एकाही शब्दाची घाई न करता. यातल्या एकाही समुद्रावर मी कधी गेले नाही. फास्टनेट येईपर्यंत माझी तुरपाई संपते, पण आइसलँड होईपर्यंत दिवा मालवत नाही.