तुम्ही विचारलंत म्हणून: भूत दिसलं का?

अमेरिकेहून येऊन आठ महिने झाले, तरी गावात कुठंही टेकले की पहिला प्रश्न तोच. लग्नाच्या मांडवात, रेशनच्या रांगेत, परवा तर तेरवीच्या पंगतीत. "बाई, तुमी भुताचा बंगला पायला म्हनते. दिसलं काय जी एखांदं?" चूक घरचीच. नातवानं माझा फोटो काढून खाली 'आजी भूतबंगल्यात' असं लिहिलं आणि तो गावच्या ग्रुपवर फिरला. छत्तीस वर्षं झेडपीच्या शाळेत शिकवलं, त्याची आठवण कुणाला नाही. म्हणून एकदाच लिहून टाकते.

भूत दिसलं नाही. पण जे दिसलं ते सांगायला लागले की विचारणारा मधेच उठून जातो, आता तुम्ही तरी पुरतं वाचा.

ते घर म्हणजे 'विंचेस्टर मिस्टरी हाउस', कॅलिफोर्नियात, सॅन होजे शहरात आहे. लेकानं तिकिटं काढली आणि आधीच बजावलं, "आई, डॉलरचे रुपये करायचे नाहीत." मी मनात केलेच. आमच्या संत्र्याच्या बागेची एक फवारणी निघाली असती.

विंचेस्टर म्हणजे बंदुका बनवणारे. सारा विंचेस्टर त्या घराण्याची सून. १८६६ साली तिची एकुलती एक मुलगी महिना-दीड महिन्याची होऊन गेली, १८८१ मध्ये नवरा टीबीनं गेला. पैसा मात्र अमाप. पुढं ती पार पश्चिमेला आली, १८८६ मध्ये आठ खोल्यांचं एक शेतावरचं घर घेतलं आणि ५ सप्टेंबर १९२२ ला वारली तोवर ते वाढवत राहिली. आज तिथं १६० खोल्या, २,००० दारं, १०,००० खिडक्या आणि ४७ जिने आहेत म्हणतात. झाडायला किती बाया लागत असतील, हे मी विचारलं, तर गाईड मुलगी नुसती हसली.

गोष्ट अशी सांगतात की कुणा अंगात येणाऱ्या बाईनं साराला सांगितलं, तुमच्या बंदुकांनी मेलेल्यांचे आत्मे तुझ्या मागं लागलेत, घर बांधत राहा, काम थांबलं की तू संपलीस. म्हणून एक जिना वर जाऊन थेट छताला थडकतो. एक दार उघडलं की पुढं भिंत. वरच्या मजल्यावरचं एक दार उघडून पाऊल टाकाल तर खाली बागेत. सगळं कशासाठी, तर भुतांना वाट सापडू नये म्हणून.

हे ऐकून मला हसूच आलं. आपल्याकडे चकवा भूत लावते. संध्याकाळी शेतातून निघालेला गडी रात्रभर त्याच धुऱ्यावर फिरतो आणि सकाळी आपल्याच विहिरीपाशी सापडतो. इथं बाईनंच भुताले चकवा लावला म्हणायचं!

पण आत जरा फिरल्यावर माझं मन काही ते मानेना. कारण मधेच तो जिना आला. चव्वेचाळीस पायऱ्या, सात वळणं, आणि एवढं सगळं चढून माणूस जेमतेम मजलाभर वर पोचतो. पायरी दोन इंचांची, म्हणजे आडवी तीन बोटं. आमच्या घोळक्यातली तरणी पोरं वैतागली. त्यांचं पाऊल अंदाजानं उंच पडायचं आणि हिसका बसायचा. एकजण म्हणाला, भुतांना दमवायला केलाय. मी मात्र कठडा न धरता, मधे न थांबता चढले. लेक बघतच राहिला. माझे दोन्ही गुडघे गेलेत, घरी माळ्यावर जायचं तर मी आधी कुणाला तरी हाक मारते. वर पोचल्यावर गाईडनं सांगितलं की साराला संधिवात होता. ते मला तिसऱ्याच वळणावर कळलं होतं.

छताला भिडणाऱ्या जिन्याचंही तसंच. घर एके काळी सात मजली मनोऱ्याचं होतं. एप्रिल १९०६ च्या मोठ्या भूकंपात मनोरा कोसळला, वरचे मजले गेले, आणि तिनं ते पुन्हा उभारले नाहीत. आता चारच मजले आहेत. वरचं गेल्यावर खालचा जिना जाणार कुठं?

आमच्या गावची गढी पाहा ना. भिंतीतून दगडी जिना वर जातो आणि आभाळात संपतो. पोरं म्हणतात अमावास्येला त्यावरून हडळ उतरते. मी लहान असताना त्या जिन्यावर माडी होती. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, कुणी कौलं फिरवली नाहीत, एका पावसाळ्यात माडी बसली, आणि गढीची पांढरी माती लोकांनी पोतारायला नेली. जिना दगडाचा, तो राहिला. पन्नास वर्षांत एवढ्यात हडळ तयार झाली.

साराच्या चिठ्ठ्यापत्र्या वाचणाऱ्यांनी दाखवलंय की बांधकाम काही रात्रंदिवस अखंड चालत नव्हतं, मधून मधून ती कामगारांना सुटी द्यायची. अंगात येणाऱ्या बाईचा तर पुरावाच नाही. नवऱ्याच्या नावानं तिनं टीबीच्या रुग्णांसाठी दवाखान्याला मोठी रक्कम दिली, पण भुताची गोष्ट सांगणाऱ्याला ते काय कामाचं! ती गेल्यावर वर्षभराच्या आत, १९२३ मध्ये, लोकांनी तिकीट लावून घर दाखवायला सुरुवातही केली. बिनभुताच्या घराला तिकीट कोण काढणार?

मला सगळ्यांत आवडली ती झाडांची खोली. कुंड्यांना पाणी घालायचं, तर खालच्या फळ्या उचलता येतात. त्यांच्या खाली जस्ताचा उतार केलाय, सांडलेलं पाणी त्यावरून नळीवाटे खालच्या बागेला जातं. नहाणीचं पाणी केळीला सोडणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. घराभोवती तेव्हा जर्दाळू, आलुबुखार, अक्रोड यांच्या बागा होत्या. आता समोर मॉल आहे. झाडं तोडली तेव्हा काय भाव मिळाला असेल, असा विचार माझ्या मनात आला. बागायतदाराच्या घरात दिलेली पोर मी, दुसरं काय येणार.

परत आल्यावर आमच्या मिस्त्रीला बोलावलं. म्हटलं, ओसरीच्या पायऱ्या फोड आणि दोन-दोन इंचांच्या कर. त्यानं टेप काढला, अंगणाकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, मंग तुमच्या पायऱ्या थेट रस्त्यावर जातीन." शेवटी चार इंचांवर तडजोड झाली. चारच्या आठ पायऱ्या झाल्या, शेवटची तुळशीवृंदावनाला टेकली, म्हणून खाली उतरताना आता डावीकडे वळावं लागतं.

गुडघे जरा बरे आहेत. पण परवा पलीकडच्या गल्लीतली एक पोर आईचा हात धरून फाटकाशी थांबली, पायऱ्या मोजल्या आणि विचारती झाली, "आई, ह्या बाईच्या घरी असं काऊन हाये वं?" आईनं तिला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. दोघी जरा भरभर चालत गेल्या, एवढं दिसलं.