थंड पाण्याची सवय, आठवडा ११ : पिंपातून शेततळ्यात

नोव्हेंबरात सुरू केलं तेव्हा डोक्यात सरळ हिशोब होता, रोज थोडं थोडं जास्त थंड, थोडं थोडं जास्त वेळ, झालं. आता ११ आठवड्यांनंतर मला वाटतं की हे दोन वेगळे विषय आहेत, एक पहिल्या तीन मिनिटांचा आणि दुसरा अर्ध्या तासानंतरचा, आणि पहिल्यात पास झालात म्हणून दुसऱ्यात पास होता असं अजिबात नाही.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात, इंग्लंड आणि फ्रान्समधल्या समुद्राच्या, म्हणजे इंग्लिश चॅनेलच्या रिलेत उतरायचंय. सहा जण, प्रत्येकी एकेक तास, ठरलेल्या क्रमाने. सीझनला तिथलं पाणी साधारण १५ ते १८ अंश असतं आणि वेटसूट चालत नाही, साधा कॉश्च्यूम, टोपी, गॉगल एवढंच. सोलोवाल्यांना, म्हणजे एकट्याने पोहणाऱ्यांना, तर आधी १६ किंवा त्याखालच्या पाण्यात सहा तास पोहून दाखवावं लागतं. आपल्या पुण्याच्या रोहन मोरेंनी चॅनेलसकट सात सामुद्रधुन्या पोहून २०१८ मध्ये ओशन्स सेव्हन हे सातांचं आव्हान पूर्ण केलं, असं करणारे ते पहिले आशियाई, तेव्हा गरम प्रदेशातल्या माणसाला हे जमत नाही असं कुणी म्हणू नये.

सुरुवात पिंपाने केली. निळं प्लास्टिकचं पिंप, उकिडवं बसलं की पाणी मानेपर्यंत येतं. बर्फाचा हिशोब लिहून ठेवते कारण बऱ्याच जणांनी विचारलं होतं : १५० लिटर पाणी २५ वरून १५ वर आणायला साधारण १६ किलो बर्फ लागतो. फ्रिजमधल्या ट्रेने काही होत नाही, कारखान्यातून लादीचा तुकडा आणावा लागतो. आमच्याकडे दीर स्कूटरवर पोत्यात गुंडाळून आणतात. तो निळा रंग घातलेला बर्फ असतो, खायचा नाही, त्यामुळे पिंपात तोंड बुडवायचं नाही.

आणि मोजायला माझ्याकडे थर्मामीटर, घड्याळ आणि सतराचा पाढा. पाढा मोठ्याने म्हणायचा. पहिल्या दिवशी १५ अंशात बसले आणि "सतरा एके" च्या पुढे शब्दच फुटेना, छाती आपोआप वर उडत होती, श्वास आत आत आत आणि बाहेर सोडायचं सुचतच नव्हतं. याला कोल्ड शॉक म्हणतात, कातडी एकदम गार पडली की शरीर स्वतःहून हापापून श्वास घेतं, पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळ्यात जोरात, मग दोन-तीन मिनिटांत ओसरतं. थंड पाण्यात बुडणारे बरेच लोक गारठून नाही तर या पहिल्या श्वासात पाणी गेल्यामुळे बुडतात. म्हणून उडी मारायची नाही, सूर मारायचा नाही, हळू उतरायचं, तोंड वर ठेवून श्वास बसेपर्यंत थांबायचं. चेहरा पाण्यात घालून दम रोखायचा प्रयोग तर सुरुवातीला नकोच, थंडीने हृदयाचे ठोके वाढत असतात आणि चेहरा बुडाला की तेच ठोके कमी करायचा हुकूम जातो, दोन्ही एकदम आले की ठोका चुकू शकतो. मी आधी ईसीजी आणि बीपी करून घेतलं, तुम्हीही घ्या. आणि उतरायच्या आधी जोरजोरात श्वास घेणं पण नको.

आनंदाची गोष्ट ही की ही सवय फार पटकन लागते. तीन-तीन मिनिटांच्या पाच-सहा बुडींत हा झटका जवळपास निम्म्यावर येतो आणि काही महिने टिकतो पण. माझं तसंच झालं, सहाव्या दिवशी "पंच्याऐंशी" पर्यंत न अडखळता पोचले, दहाव्या दिवशी अख्खा पाढा. मनाचं काम इथेच आहे, श्वास लांब सोडायचा, खांदे सैल, आणि स्वतःला सांगायचं की हे दोन मिनिटांत जाणार आहे, कारण खरंच जातं.

मग जानेवारीत निफाडला सासरी शेततळ्यात उतरले. थंडीत निफाडचा पारा किती खाली जातो ते सगळ्यांना माहितीये. पहाटे तळ्याचं पाणी १७ भरलं. शेततळ्याबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते, आतला प्लास्टिकचा कागद शेवाळाने इतका निसरडा असतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही, दरवर्षी लोक जातात अशाने. आम्ही झाडाला दोर बांधून दोन ठिकाणी आत सोडला, ट्रॅक्टरची ट्यूब टाकली, दीर काठावर, आणि एकटीने कधीच नाही.

पहिली दहा मिनिटं मस्त. श्वास शांत, वाटलं झालंच आपलं. विसाव्या मिनिटाला बोटं जुळेनात, पंजा फाकलेलाच राहायला लागला, हाताने पाणी धरलंच जाईना. अंगठा करंगळीला लागतो का हे दर पाच मिनिटांनी बघते, तो लागला नाही. पस्तिसाव्या मिनिटाला दिरांनी काठावरून ओरडून पाढा म्हणायला सांगितलं आणि मी "सतरा सत्ते" ला थांबले, पुढचा आकडा माहीत होता पण जीभ जड झाली होती. "वहिनी, बाहेर," एवढंच म्हणाले ते, आणि मी वाद न घालता दोराला धरून आले. हे आधीच ठरलेलं होतं, निर्णय काठावरच्याचा. कारण पाणी हवेपेक्षा जवळपास पंचवीस पट जोरात ऊब ओढून नेतं आणि ती गेली की ती गेल्याचं कळणारं डोकंही मंद होतं.

बाहेर आल्यावर बरं वाटलं, आणि पाच-सात मिनिटांनी जी हुडहुडी भरली ती विचारू नका. बाहेर आल्यावरही शरीराचं आतलं तापमान थोडा वेळ खाली जातच राहतं. सासूबाईंनी मायेने बंब पेटवून ठेवला होता, "आधी कढत पाणी घे गं अंगावर," पण ते नाही घेतलं, एकदम गरम पाण्याने कातडीच्या शिरा उघडून बीपी पडतं, चक्कर येते. अंग कोरडं केलं, आधी वरचे कपडे, लोकरीची टोपी, गोधडी, आणि गोड चहा, कप दोन्ही हातांत धरूनही हिंदकळत होता. त्यांना समजावून सांगितलं, आता त्या गोधडी उन्हात तापवून ठेवतात.

तर माझी सध्याची अडचण ही, पिंपाने मला पहिली तीन मिनिटं शिकवली पण तासाची तयारी पिंपात होत नाही. त्याला गार पाण्यात खरंच पोहत राहणं लागतं, तास वाढवत. थोडी चरबीही लागते, मी साडेतीन किलो वाढवलंय, शेंगदाण्याचे लाडू आणि तूप, पोहणाऱ्या बाईने वजन वाढवताना संकोच करू नये असं मला मनापासून वाटतं.

नोंदी : शनिवार १७ अंश, ३५ मिनिटं, हुडहुडी २५ मिनिटं. मंगळवार १७.५, ३८ मिनिटं, पाढा पूर्ण, अंगठा ३० पर्यंत लागत होता. फेब्रुवारी उजाडला की तळं तापायला लागेल, म्हणजे फार तर तीन रविवार हातात आहेत. येत्या रविवारी ४५ चं ठरवलंय, पण "सत्ते" ला थांबले की बाहेर, घड्याळ काहीही सांगो.