पुठ्ठा कोरडा राहिला!

आज निफाडात हाडं गोठवणारी थंडी. पहाटे बागेवर जायला निघालो तर अण्णांच्या जुन्या मोटरसायकलखाली पेट्रोलचा ओला डाग, पडवीभर वास, आणि दहा पावलांवर शेकोटी! काळजात धस्स झालं. आधी शेकोटी विझवली, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद केला, गाडी ढकलत उघड्यावर आणली. किक मारली नाही. वास येत असताना ठिणगी नकोच.

पेट्रोलचा पाइप कोरडा, क्लिपही घट्ट. थेंब येत होते कार्ब्युरेटरच्या, म्हणजे इंजिनाला पेट्रोल-हवा मिसळून देणाऱ्या भागाच्या, वाटीच्या सांध्यातून. वाटी उघडली तर आतली ओ-रिंग, म्हणजे सांधा बंद ठेवणारी रबरी कडी, वाळल्या वेलीसारखी कडक. जुनं रबर थंडीत आकसतं, ताठरतं, मग फट पडते. दुपारी ऊन तापलं की पुन्हा सांधा धरतं. म्हणूनच चार दिवस मला काही कळलं नाही. रोज गाडी दुपारीच काढत होतो ना!

नवी ओ-रिंग बसवली, वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई पुसली. मग कॉक उघडून खाली पुठ्ठा ठेवला आणि अर्धा तास तिथंच उकिडवा बसून राहिलो. एक थेंब नाही.

चोक ओढला, तिसऱ्या किकला गाडी बोलली. आवाज ऐकून अण्णा कानटोपी घालून बाहेर आले, टाकीवरून हात फिरवला.

शेकोटी आता अंगणाच्या पार टोकाला.