कुंकवासाठी चार ब्लॉक

आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई सेवानिवृत्त होणार होत्या. त्यांच्या निरोप समारंभासाठी नववीतल्या मुलांनी संगणक कक्षात माझ्यापुढे प्रस्ताव ठेवला की शाल-श्रीफळ शाळेने द्यावे, आपण मात्र बाईंचे चित्र माइनक्राफ्टमध्ये, म्हणजे रंगीत ठोकळ्यांनी (ब्लॉकांनी) बांधकाम करायच्या संगणक-खेळात, उभारावे. चित्र म्हणजे 128 ब्लॉक लांब आणि तितकाच रुंद असा जमिनीवरचा सपाट पट. खेळातल्या सर्वांत लहान नकाशात तो नेमका मावतो आणि तो नकाशा चौकटीत लावला की भिंतीवर तसबीर टांगल्यासारखी दिसते. हिशेब केला तर 16,384 ब्लॉक होत होते आणि हाताशी एक आठवडा होता. म्हणून मी पायथन या संगणकभाषेत छोटासा प्रोग्राम लिहिला. फोटो लहान करायचा, प्रत्येक पिक्सेलसाठी सर्वांत जवळच्या रंगाचा ब्लॉक शोधायचा आणि तो कोणत्या जागी ठेवायचा याची एकेक आज्ञा फाइलमध्ये लिहायची, एवढेच त्याचे काम होते. ती फाइल खेळात चालवली की काही क्षणांत सगळा पट मांडला जातो.

समारंभाच्या आदल्या दिवशी, मधल्या सुट्टीत, आम्ही ती पहिल्यांदा चालवली. नकाशा उघडला तर उजव्या खालच्या कोपऱ्यात बाईंचा अर्धा चष्मा आणि कपाळाचा एक तुकडा, बाकी सगळे गवत. चूक माझीच होती. मी चित्राची सुरुवात शून्य, शून्य या बिंदूपासून केली होती. पण या आकाराच्या नकाशांची जाळी त्या बिंदूपासून सुरू होत नाही, तो बिंदू नकाशाच्या मध्यभागी येतो. नकाशाची हद्द उणे 64 पासून 63 पर्यंत असते. त्यामुळे बाई चार नकाशांत विभागल्या गेल्या होत्या. आकडे बदलून फाइल पुन्हा चालवली, चेहरा पूर्ण आला आणि कक्षात एकदम शांतता पसरली, कारण बाईंचे गाल हिरवे होते.

ते साधेसुधे हिरवे नव्हते. डोळ्यांखाली, नाकाच्या कडेला आणि हनुवटीवर शेवाळ धरल्यासारखे ठिपके पसरले होते. मी प्रोग्राम तीनदा तपासला आणि त्यात काहीही चुकीचे सापडले नाही, हेच अधिक त्रासदायक होते. मूळ फोटो कार्यालयातल्या ट्यूबलाइटखाली काढलेला होता. तसल्या उजेडाची हिरवट झाक आपला डोळा सहज माफ करतो, पण प्रोग्राम लाल, हिरवा आणि निळा या तीन आकड्यांतले अंतर मोजत असल्यामुळे सावलीतल्या त्वचेला त्याला हिरव्या टेराकोटाचा ब्लॉकच सर्वांत जवळचा वाटला. त्यात मी फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांची 1976 सालची पद्धत वापरली होती. रंग निवडताना जी चूक उरते तिचे सोळांपैकी सात हिस्से उजवीकडच्या शेजाऱ्याला आणि तीन, पाच, एक असे हिस्से खालच्या तिघांना वाटून दिले जातात. या वाटणीमुळे मोजक्या रंगांतही छटांचा भास होतो. इथे मात्र तीच हिरवी झाक गालभर फिरली.

शेवटी मी चित्रकलेच्या सरांना बोलावले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांसाठी दरवर्षी मुलांची तयारी करून घेणाऱ्या या गृहस्थांनी आयुष्यात कधी माऊसला हात लावला नव्हता. त्यांनी खुर्ची मागे सरकवली, डोळे किलकिले करून पडद्याकडे पाहिले आणि विचारले, “तुमच्या पेटीत रंग किती आहेत?” मी यादी दाखवली. “मग हिरवे नि जांभळे बाहेर काढा की. चेहरा रंगवताना मी ते पॅलेटवर घेतच नाही.”

उपाय इतका सोपा होता की मला थोडा रागच आला. चेहऱ्याच्या भागापुरते आम्ही पंधराच प्रकारचे ब्लॉक ठेवले. पांढरा टेराकोटा नावाला पांढरा, प्रत्यक्षात फिकट गव्हाळ असतो. तो कपाळाला आणि नाकाच्या उजळ कडेला कामी आला. गालाच्या सावलीला मी माती निवडली, तेव्हा एका मुलीने हरकत घेतली. “सर, कडेच्या मातीवर गवत पसरतं. उद्यापर्यंत पुन्हा हिरवं होईल.” तिच्या सांगण्यावरून मातीच्या जागी जंगल वुडच्या फळ्या घेतल्या. नकाशा ब्लॉकचा पोत पाहत नाही, प्रत्येक ब्लॉकला त्याने एक ठरलेला रंग नेमून दिलेला असतो. आणि माती व या फळ्या यांचा तो रंग एकच आहे. मी वर्षभर शिकवतो आणि हे मला ठाऊक नव्हते. पार्श्वभूमीसाठी सरांनी ठिपक्यांची वाटणी बंदच करायला लावली, म्हणजे भिंत भिंतीसारखी सपाट राहिली.

कुंकू मात्र प्रोग्रामला शेवटपर्यंत जमले नाही. मोठा फोटो 128 पिक्सेलांवर आणताना त्या लहानशा ठिपक्याची कपाळाशी सरासरी होऊन तो मळकट तपकिरी डाग उरत होता. सरांनी पडद्यावर बोट ठेवून जागा दाखवली, एक मुलगा खेळात उडत तिथे गेला आणि त्याने लाल काँक्रीटचे चार ब्लॉक हाताने बसवले. त्या चार ब्लॉकांनी चेहऱ्याला ओळख दिली.

आता सगळे झाले असे वाटत असताना चित्राच्या वरच्या कडेला एक उजळ रेघ दिसली. नकाशावर ब्लॉकची छटा त्याच्या उत्तरेकडच्या ब्लॉकच्या उंचीवर ठरते. उत्तरेचा खाली असेल तर हा उजळ दिसतो. आमच्या पहिल्या रांगेच्या उत्तरेला खालच्या पातळीवरचे गवतच होते. हद्दीबाहेर, त्याच उंचीवर, 129वी रांग टाकली आणि रेघ गेली. तोवर शिपाई मामा किल्ल्या वाजवत दारात उभे होते.

दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टरवर तसबीर पाहून बाई हसल्या आणि त्यांनी मला ती जवळून पाहता येईल का, असे विचारले. मुलांनी त्यांच्या हातात माऊस दिला आणि खेळातल्या त्या पटावर नेऊन सोडले. बाई बराच वेळ लाकडी फळ्यांवरून इकडेतिकडे चालत राहिल्या. “मी आहे कुठे?” त्यांनी विचारले. कुंकवाचे ब्लॉक बसवणारा मुलगा अदबीने म्हणाला, “बाई, तुम्ही तुमच्या डाव्या गालावर उभ्या आहात.”