बडोद्याहून एकटीने सालोटा आणि साल्हेर

बडोद्यात चढ म्हणजे उड्डाणपूल. त्यामुळे इथल्या माणसाला डोंगराची तयारी करायची तर पावागडाला पर्याय नाही. रोपवेच्या रांगेकडे पाठ फिरवायची आणि पायथ्यापासून पायी वर जायचं, पाठीवर पाण्यासकट सात-आठ किलोंची सॅक घेऊन. चढताना दम लागला तरी चालेल. उतरताना गुडघे काय म्हणतात ते बघायचं. मात्र पावागडावर पाय तपासून होतात, धीर नाही. तिथल्या महाकालीच्या देवळाच्या वाटेवर माणूस एकटा कधी पडतच नाही.

सालोट्यावर पडतो. नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात, गुजरातमधल्या डांगच्या हद्दीला लागून साल्हेर आणि सालोटा ही जोडी उभी आहे. साल्हेर १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यांत उंच किल्ला; राज्यात त्याच्याहून उंच एक कळसूबाईच. २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यातही तो आहे. येणारे साल्हेरसाठी येतात, दोन्हींमधल्या खिंडीतून सालोट्याचा फोटो काढतात आणि डोंगराला पाठ करतात. मला सालोटाच हवा होता.

जायची वाट: सुरतेहून धुळ्याच्या महामार्गाने व्यारा, सोनगड, नवापूर, पुढे पिंपळनेर, ताहराबाद, मुल्हेर आणि शेवटी पायथ्याचं गाव वाघांबे. सोनगड म्हणजे गायकवाडांचं बडोद्याआधीचं ठाणं. बडोदेकरांनी निदान चहापुरतं तरी थांबावं. एसटीने जाणाऱ्यांनी ताहराबादपर्यंतचं धरून चालावं. त्यापुढच्या गाड्यांचं वेळापत्रक ड्रायव्हरच्या मनावर असतं, म्हणून आदल्या दिवशी दुपारीच पोचून मुक्काम गावात करावा. पहाटे बडोद्याहून निघून त्याच दिवशी चढाई, हा बेत एकट्याने करू नये.

एकट्याच्या मोहिमेचा निम्मा भाग घरी कागदावर होतो. दांडिया बाजारातल्या आमच्या घरात फ्रिजवर चिठ्ठी लावली होती: कुठल्या वाटेने चढणार, कुठल्या वाटेने उतरणार, वाघांब्यात कुणाकडे उतरले आहे, त्यांचा नंबर, आणि संध्याकाळी सातपर्यंत फोन आला नाही तर आधी त्यांना, मग ११२ला. सासूबाईंनी ती चष्मा लावून दोनदा वाचली आणि विचारलं, “सातच का? अंधार सहाला पडतो.” बरोबरच होतं. पण खिंडीच्या आसपास रेंजचा भरवसा नाही, आणि उशिराने आलेल्या फोनपेक्षा उगाच निघालेली शोधाशोध जास्त त्रासाची. तासाभराची मोकळीक ठेवावी, त्याहून जास्त नको.

वाघांब्यातही तेच सांगून ठेवलं. यजमान आजोबांनी “ताई, एकट्याच?” एवढंच विचारलं आणि मुलाला खिंडीच्या वाटेपर्यंत सोबत पाठवलं. ही सोबत नाकारू नये. खालच्या रानात ढोरवाटांचं जाळं आहे, आणि चकवा बसतो तो इथेच. वर गेल्यावर वाट एकच.

उजाडता निघालं की उन्हं चढायच्या आत खिंड गाठता येते. उजवा-डावा विचार इथे करायचा: आधी सालोटा, मग साल्हेर. सालोट्याला हात-पाय ताजे हवेत. आडव्या वाटेवर एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला थेट उतार, आणि पायाखाली घसारा, म्हणजे सुटी माती आणि खडे. पावसानंतरचं गवत वाळलं की ते पाऊलभर रुंदीची वाट झाकून टाकतं. काठीने ते बाजूला सारून, खाली दगड आहे की हवा, हे बघूनच पाय टाकायचा. पुढे कातळात कोरलेल्या पायऱ्या लागतात आणि त्यांच्यावर वरून सुटून आलेले मोठाले धोंडे बसलेले आहेत. इथे काठी सॅकला अडकवून दोन्ही हात मोकळे करायचे. प्रत्येक धोंड्याला आधी तळहाताने थाप मारायची. भरीव आवाज आला तर भार टाकायचा, पोकळ आला किंवा जरासा जरी हलला तर दुसरा शोधायचा. दोन हात आणि दोन पाय यांतलं एकच एका वेळी हलवायचं. उतरताना तोंड कातळाकडे, तोऱ्यात नको.

दोन गोष्टींची मी स्वतःशी बोली केली होती. कातळ ओला दिसला तर खिंडीतूनच सालोटा सोडायचा. आणि साडेदहाच्या आत परत खिंडीत पोचायचं, माथा झालेला असो वा नसो. सोबतीला माणूस असला की तो “चल आता” म्हणतो. एकट्याला ते घड्याळाकडून ऐकून घ्यावं लागतं, म्हणून गजर लावला होता. माथ्यावर असताना तो वाजला आणि डबा न उघडता खाली निघाले.

साल्हेर त्यामानाने सोपा. दमवणारा आहे, पण पायऱ्या, दरवाजे, कातळातल्या गुहांची रांग, सगळं पायवाटेला धरून. गंगासागर तलावापाशी जेवावं, पाणी गाळून आणि गोळी टाकूनच प्यावं. तीन लिटर तरी खालूनच न्यावं. परशुरामाचं देऊळ असलेल्या माथ्यावरून मुल्हेर, हरगड, मांगी-तुंगी ओळखता येतात. १६७२ ची, शिवाजी महाराजांचे मोरोपंत आणि प्रतापराव यांनी मोगलांशी दिलेली लढाई खालच्या त्या मोकळ्या रानात झाली, आणि इथे उभं राहिलं की त्यांना तिथे गाठणं काय असेल ते नकाशाशिवाय कळतं.

मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात सालोट्याचं नावही काढू नये, मार्चनंतर ऊन सोसवत नाही. कड्यांना मोहोळं असू शकतात: अत्तर, धूर, आरडाओरडा तिन्ही वर्ज्य. बुटांचा तळ झिजलेला नको, हेडटॉर्च दिवसाच्या ट्रेकलाही हवी, रोख पैसे सुटे हवेत. तलावाजवळच्या गुहेत मुक्काम करणारे करतात. एकटीने मी केला नाही, करणार नाही. दोन वाजेपर्यंत साल्हेरचा माथा आला नसेल तर जिथे असाल तिथून वळा.

उतरल्यावर पहिला निरोप वाघांब्यात द्यायचा, घरचा फोन नंतर. शोधायला निघायची वेळ आलीच तर आधी तेच निघणार असतात. भाकरी-पिठल्याचं सकाळीच सांगून ठेवलं असेल तर गरम मिळतं.